मागच्या अंगाच्या खाचा

लंडनच्या रीजंट्स कालव्यावरच्या मॅकल्सफील्ड पुलाखालच्या बिडाच्या खांबात आज पुन्हा बोट घातलं आणि तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. करंगळी सहज बसते एवढी खाच. तळ गोल, गुळगुळीत. काठ मात्र अजून हाताला लागतो. अशा कितीतरी, एकीखाली एक, जराशा तिरक्या. काठच्या पायवाटेवरून घोडे मालाच्या नावा दोरानं ओढत, त्या दोराच्या या खाचा. पाण्याकडच्या बाजूला असत्या तर काहीच वाटलं नसतं. या मागच्या अंगाला आहेत, जिथं दोर पोचणंच शक्य नाही.

कारण ठाऊक आहे. तरी सलतंय.

2 ऑक्टोबर 1874 च्या पहाटे टिलबरी हा बार्ज, म्हणजे मालवाहू नाव, याच पुलाखाली फुटला. पोटात सुमारे पाच टन बंदुकीची दारू आणि जोडीला पेट्रोलियम. त्याची वाफ साठली आणि पेटली. बार्जवरचे तिघं गेले. पूल कोसळला, पण इंग्लंडमधल्याच कोलब्रुकडेलच्या ओतशाळेत ओतलेले हे खांब वापरण्याजोगे राहिले. पुन्हा उभे करताना ते अर्धा फेरा फिरवून बसवले. झिजलेलं अंग मागे, कोरं अंग दोराकडे. मग कोऱ्या अंगालाही खाचा पडल्या.

आणि टिलबरीला घोडा ओढतच नव्हता. वाफेच्या टगामागे, म्हणजे ओढणाऱ्या बोटीमागे, बार्जांची रांग होती, त्यातला तो एक. म्हणजे या खाचांमध्ये त्या तिघांची त्या पहाटेची फेरी नाही. माणसं मेली त्याची खांबावर खूण नाही. कुणाच्या लक्षातही राहणार नाहीत अशा साध्या फेऱ्यांची आहे. हे मला पटत नाही. की पटतंय, म्हणूनच त्रास होतोय?

मऊ दोर बीड कापतो कसा, हे नीट पाहिलं की त्या फेऱ्या डोळ्यांपुढे येतात. दोर सतत भिजलेला, पायवाटेवर लोळलेला, पिळात वाळू अडकलेली. वळणावर घोडा पुढे निघून गेला की दोर आतल्या कोपऱ्यावर ताणला जातो, आणि मागे कित्येक टनांचा भार. कापते ती वाळू. दोर तिला नुसता दाबून धरतो. एकदा बारीक चर पडला की पुढचा दोर आपसूक त्यातच उतरतो. जुन्या विहिरीच्या काठचा दगड असाच झिजलेला असतो. विटांचे कोपरे या घासणीपुढे टिकत नाहीत, म्हणून विटांच्या पुलांच्या कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या बसवत. पट्टी झिजली की बदलायची. त्यामुळे सरळ, कोरी पट्टी दिसली तर तिथून दोर गेलाच नाही असं धरू नये.

ओतकामाची शिवण उभी आणि फुगीर असते, तडा वेडावाकडा जातो. दोराची खाच आडवी-तिरकी, खोलगट आणि शेजारणीला समांतर. काळ्या रंगाचे थरावर थर चढले की खाचा उथळ दिसतात. उजेड बाजूनं पडत असताना बघावं, आणि डोळ्यांपेक्षा बोटावर विश्वास ठेवावा.

याच कालव्यावर कॅम्डेन भागाच्या पुढं काठाला पाण्यात उतरणारे उतार आहेत. रेल्वेच्या आवाजानं बुजून पाण्यात पडलेले घोडे तिथून वर काढत. त्या घोड्यांबद्दल आज नको.

आपण रोज जे ओढतो त्याचा चर कुठं पडत असेल, हा विचार संध्याकाळभर पाठ सोडेना. कुणी बघेल का, कुणी बोट तरी घालेल का. स्वतःची फार कीव आली. जेवताना मात्र वाटलं, खांब फिरवणाऱ्यांनी कुणाचा अपमान केला नाही. चांगलं बीड होतं, अर्धं अंग कोरं होतं, त्यांनी ते कामाला लावलं. जुन्या खाचा घासून बुजवत बसले नाहीत, म्हणून तर त्या मला सापडल्या. एवढं पुरे आहे.

मालवाहतुकीचे घोडे 1956 मध्ये थांबले. याच पायवाटेच्या लाद्यांखाली आता 400 किलोव्होल्टच्या वीजवाहिन्या आहेत आणि त्या थंड ठेवायला कालव्याचंच पाणी खेळवलं जातं. कालवा अजून राबतोय. पुढच्या खेपेला टेप न्यायची आणि दोन्ही अंगांच्या सगळ्यात वरच्या नि सगळ्यात खालच्या खाचांची जमिनीपासूनची उंची खांबागणिक मांडायची.