शेपूट कापताना

१० जुलै २००९, शुक्रवार. इंदूरच्या ज्या हिंदी दैनिकात मी तेव्हा उपसंपादक होतो, तिथं देश-विदेशचं पान त्या रात्री माझ्याकडे होतं. उरुमची ही चीनच्या वायव्येकडच्या शिनजियांगची राजधानी, तिथली दंगल ५ जुलैची. शिनजियांग कुठं आहे हे आमच्या बहुतेक वाचकांना ठाऊक नव्हतं. म्हणजे आम्ही छापू तेच त्यांच्यापुरतं खरं.

रात्री उशिरा शिन्हुआ या चीनच्या सरकारी वृत्तसंस्थेच्या हवाल्यानं आकडे आले. मृत १८४. त्यांत हान १३७, उइगूर ४६, हुई १. हान म्हणजे चीनमधला बहुसंख्य समाज, उइगूर हे शिनजियांगमधले तुर्की वंशाचे मुसलमान, हुई हे चिनी बोलणारे मुसलमान. कोणत्या समाजाचे किती मेले, हे चीननं पहिल्यांदाच सांगितलं होतं. बातमी ५ जुलैपासून सुरू होत होती. जमाव रस्त्यावर आला, बसगाड्या जाळल्या, हान लोकांना गाठून मारलं, आणि हा सगळा कट परदेशात परागंदा उइगूर नेत्या रबिया कादीर यांच्या वर्ल्ड उइगूर काँग्रेस या संघटनेनं शिजवला. कादीर यांचा इन्कार अर्थातच दुसऱ्या एजन्सीकडे. त्या एजन्सीची कॉपी पोलीस बंदोबस्तापासून आणि जुम्याच्या दिवशी बंद ठेवलेल्या मशिदींपासून सुरू होत होती. तिसरीकडे तुर्कस्तानचे पंतप्रधान एर्दोआन यांनी हा जवळजवळ वंशसंहारच असल्याचं म्हटलं होतं. उइगूर तिथं भाऊबंद मानले जातात, त्यामुळे त्या कॉपीत हान मृतांना फारशी जागा नव्हती.

मी सगळे प्रिंट टेबलावर पसरले. रामबागेतला एक मुलगा आमच्याकडे शिकाऊ होता. तो वाकून बघत म्हणाला, "काका, यातलं खरं कोण बोलतंय?"

"खोटं बोलायची कुणाला गरजच पडत नाही रे. गोष्ट कुठल्या तारखेपासून सुरू केलीय ते बघ."

शाओग्वान एव्हाना त्यालाही सापडलं होतं. ग्वांगदोंग प्रांतातलं शहर, उरुमचीपासून हजारो किलोमीटर दूर. तिथल्या खेळण्यांच्या कारखान्यात उइगूर कामगारांनी हान मुलींवर बलात्कार केल्याची अफवा उठली. २५ जूनच्या रात्री हान कामगार त्यांच्यावर चालून गेले. दोन उइगूर मारले गेले. उरुमचीत ५ जुलैला लोक पहिल्यांदा जमले ते याच्याच चौकशीची मागणी घेऊन. चीननं हे दडवलं नव्हतं, पण त्याच्या लेखी ती साधी मारामारी होती. परागंदा उइगुरांच्या लेखी सारं तिथूनच सुरू झालं होतं. आणि माझ्यासमोरच्या कॉपींत? कुठं शेवटचा परिच्छेद, कुठं तोही नाही.

फोटोचा घोळ वेगळाच. रस्ताभर दंगल-पोलिसांचे ताफे असलेला एक फोटो फिरत होता. कादीर यांनी तो अल जझीरावर उरुमचीचा म्हणून दाखवला होता, प्रत्यक्षात तो हुबेई प्रांतातल्या शिशौचा, जूनमधल्या एका वेगळ्याच आंदोलनाचा निघाला. चिनी माध्यमांनी तो असा काही उचलून धरला, की कादीर यांचं बाकीचं म्हणणं ऐकायला कुणी थांबेना. मी ७ जुलैचा फोटो घेतला. २००८ मध्ये तिबेटातल्या अशांततेवेळी ल्हासाची दारं परदेशी पत्रकारांना बंद करणाऱ्या चीननं या वेळी त्यांना स्वतःच उरुमचीत फिरवलं. जळालेली दुकानं दाखवायला नेलं, तर समोरून अटकेतल्या नवऱ्या-मुलांसाठी टाहो फोडत उइगूर बायका आल्या. शिनजियांगमधल्या लोकांचं इंटरनेट मात्र तोडलेलं. मला हा डाव हुशारीचा वाटला, आणि त्या बायका त्याहून हुशार.

मी शाओग्वान दुसऱ्या परिच्छेदात आणलं. मुलाला वाटलं मी बाजू घेतोय. तसं नव्हतं. १३७ हा आकडा पहिल्या वाक्यात होता, आणि तो तिथून हलणार नव्हता. पण छोट्या शहरांच्या पेपरांत शेवटचा परिच्छेद जगत नाही. रात्री साडेअकराला एखाद्या कोचिंग क्लासची जाहिरात येते आणि पान लावणारा शेपूट कापतो. पार्श्वभूमी नेमकी शेपटातच असते. त्यामुळे आमच्याकडच्या निम्म्या परदेशी दंगली कारणाशिवायच पेटतात.

जाहिरात आलीच. पान लावणाऱ्यानं विचारलं, "दादा, आठ ओळी जास्त आहेत. खालून उडवू?"

खाली आता एर्दोआन होते.

"उडव."

मुलगा म्हणाला, "काका, पंतप्रधान आहेत ते."

"अंकारात आहेत. मेलेले उरुमचीत आहेत."

सकाळी शहरातल्या दुसऱ्या एका पेपरानं एर्दोआन यांनाच चार कॉलमी हेडिंगमध्ये घेतलं होतं. अकराच्या मीटिंगला तो अंक माझ्यासमोर ठेवून संपादकांनी विचारलं, हे आपल्याकडून सुटलं कसं.