बॉयलरचा फ्लू: स्वतः करायचं की माणूस बोलवायचा?

फ्लू म्हणजे गॅस बॉयलरमधला जळालेला वायू घराबाहेर नेणारा पाइप. घरातली कामं स्वतः करणाऱ्या लोकांकडून हे सारखं ऐकते, की फ्लू म्हणजे शेवटी पाइपच ना, एक तुकडा काढायचा, दुसरा बसवायचा, त्यात एवढं काय. बसवणं फार अवघड नसेलही. पण तो नीट बसलाय हे कशावरून सांगणार?

हल्लीच्या बऱ्याच गॅस बॉयलरना पाइपात पाइप असा फ्लू असतो. आतल्या पाइपातून जळालेला वायू बाहेर जातो, बाहेरच्यातून ताजी हवा आत येते. आता आतलं रबरी सील दुमडलं किंवा जॉइंट पूर्ण आत गेला नाही तर तो वायू ताज्या हवेतच मिसळतो, बॉयलर तीच हवा परत ओढतो, मग ज्वलन बिघडतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढायला लागतो, आणि हे सगळं चालू असताना बाहेरून फ्लू सरळ आणि छान दिसतोय, गरम पाणीही येतंय. आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, त्याला ना वास, ना रंग.

जाणकार माणूस इथे नजरेवर विसंबतच नाही. तो ॲनालायझरची, म्हणजे वायूंचं प्रमाण मोजणाऱ्या मशीनची, नळी फ्लूच्या टेस्ट पॉइंटमध्ये (तपासणीसाठी ठेवलेल्या भोकात) घालून येणाऱ्या हवेतला ऑक्सिजन मोजतो. साध्या हवेत तो २०.९ टक्के असतो, आणि ब्रिटनमधल्या पद्धतीत तो २०.६ च्या खाली दिसला की फ्लू पुन्हा तपासायला घेतात. एवढासा फरक! मशीनशिवाय तो कुणालाच कळणार नाही, कितीही हात बसलेला असो.

म्हणून माझं मत पक्कं आहे. जळालेला वायू जिथून जातो ते सगळं, म्हणजे फ्लू, एल्बो (पाइपाचं वळण), सील, टर्मिनल (फ्लूचं घराबाहेरचं तोंड), आणि बऱ्याच बॉयलरमध्ये पुढचं कव्हरसुद्धा कारण ते सीलचाच भाग असतं, हे क्वालिफाइड माणसाचं काम. टेप किंवा सिलिकॉन लावून जॉइंट बंद करणं तर अजिबातच नको. कंडेन्सिंग बॉयलरच्या, म्हणजे जळालेल्या वायूतली वाफ थंड करून तिचीही उष्णता वापरणाऱ्या बॉयलरच्या, फ्लूला सहसा बॉयलरच्या दिशेने उतार लागतो, त्यात साचणारं आम्लयुक्त पाणी परत आत यावं म्हणून, आणि एखादा क्लॅम्प हलवला तरी तो उतार जाऊ शकतो.

एक गोष्ट मात्र लोकांच्या लक्षातच येत नाही, की फ्लूला हातही न लावता फ्लू बिघडवता येतो. जवळ नवीन खिडकी काढली, वर शेड टाकली, रंगकामासाठी प्लास्टिक गुंडाळलं आणि बॉयलर चालूच राहिला. ब्रिटनमध्ये फॅनवाल्या फ्लूचं टर्मिनल उघडणाऱ्या खिडकीपासून साधारण ३०० मिलिमीटर तरी लांब लागतं, त्यामुळे खिडकीवाल्याला बोलवायच्या आधी बॉयलरवाल्याला विचारा.

आपण काय करायचं? बाहेरून बघायचं. टर्मिनलवर वेल चढलाय का, काळे डाग किंवा नवीन गळती दिसतेय का, आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं बटण दाबून तो वाजतोय का. अलार्म हवाच, पण तो आहे म्हणून फ्लू उघडायची मुभा मिळत नाही. घरातल्या सगळ्यांचंच डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर गेलं की बरं वाटतंय, तर बॉयलर बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, आणि मग इमर्जन्सीला फोन. दमायला लागलं असेल तर कशासाठीही आत थांबू नका.

माणूस बोलावताना त्याचं कार्ड मागून घ्या, यात लाजायचं काही नाही. ब्रिटनमध्ये २००९ पासून गॅस सेफ रजिस्टर, म्हणजे गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांची अधिकृत नोंदणी, आहे, त्यांच्या कार्डाच्या मागच्या बाजूला कुठल्या कुठल्या कामाची पात्रता आहे ते लिहिलेलं असतं आणि सगळ्यांकडे सगळी नसते, तेव्हा बॉयलर त्यात आहे का ते वाचा. काम झाल्यावर ॲनालायझरचे आकडे लिहून मागा, पुढच्या सर्व्हिसला ताडून बघता येतात.