काकूंची पेन्सिल

"शुद्ध फसवणूक आहे ही!" समोरच्या काकूंनी ॲगाथा ख्रिस्तीचं खुनाच्या रहस्याचं पुस्तक, 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड', माझ्या हातात जवळजवळ आपटलंच. रात्री दोनपर्यंत जागून संपवलं म्हणे, आणि वर ही तक्रार.

मग चष्मा लावून त्यांनी एक पान काढलं. खून होतो त्या रात्रीचं. एका वाक्याखाली पेन्सिलची बारीक रेघ. "हे बघ, इथे सगळं लिहून ठेवलंय बाईने. मी वाचलं आणि खुशाल पुढे गेले!" यात कौतुक किती आणि स्वतःवरची चीड किती, कळेना. (रेघ मी नंतर खोडून टाकली. पुढच्याची मजा कशाला घालवा?)

पुस्तक १९२६ चं. ॲगाथा ख्रिस्तीने वाचकांना फसवलं, अशी ओरड तेव्हाही झाली होतीच. मला विचाराल तर ती खोटं बोलत नाही, फक्त गप्प कधी राहायचं ते तिला बरोबर कळतं. फसवणूक म्हणजे शेवटच्या दहा पानांत कुठूनतरी जुळा भाऊ टपकतो, ती.

तुम्हाला असा जुळा भाऊ शेवटचा कुठल्या पुस्तकात भेटला?