आईचं ट्विन-टब आणि देवळालीचं रोलरवालं मशीन: फेब्रुवारी ते जूनच्या नोंदी

८ फेब्रुवारी

आईचं सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन १९९३ चं, ट्विन-टब: एका बाजूला धुण्याचा टब, दुसऱ्या बाजूला कपडे पिळून काढणारा स्पिनचा टब. नाशिकला पंचवटीतल्या घरी ते आलं तेव्हा मी सहावीत होते, आणि तेव्हापासून एक दिवसाआड ते चालतंच. गेल्या आठवड्यात स्पिनच्या बाजूला खडखड सुरू झाली आणि आज खालच्या फरशीवर गंजाच्या रंगाचं पाणी दिसलं. ज्यांच्या घरी ट्विन-टब आहे त्यांना पुढचं सांगायला नको. स्पिनचं सील, म्हणजे टबाखालून पाणी गळू न देणारं रबर, गेलं. तिथून पाणी शाफ्टवरून उतरतं आणि थेट मोटरवर ठिबकतं. महिनाभर कानाडोळा केला तर एवढ्याशा रबरापायी मोटर रिवाइंडिंगला जाते.

११ फेब्रुवारी

जुनं सील घेऊन भद्रकालीत गेले. दुकानातल्या काकांनी बेलो (सीलचा चुण्यांचा रबरी भाग) बोटांत दाबून पाहिला, आतल्या बुशमध्ये (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) करंगळी फिरवली आणि म्हणाले, "ताई, तीन नमुने देतो. घरी लावून बघा, न बसलेले दोन परत आणा." सीलचं माप तीन गोष्टींवर ठरतं: बुशचं भोक, बेलोची उंची आणि स्क्रूच्या भोकांमधलं अंतर. उंची चार-पाच मिलिमीटरनं जरी चुकली तरी टब हलताना बेलो ताणला जातो आणि सहा महिन्यांत पुन्हा फाटतो. मधला नमुना बसला.

नव्याने करणाऱ्यांसाठी क्रम सांगते. मागचं झाकण काढा, मोटर आणि टबाचा शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचा लॉकनट सैल करून बोल्ट मागे घ्या, मग स्पिनचा टब सरळ वर उचला. तो हिसकून काढू नका, शाफ्ट वाकला तर जन्मभर थरथरतो. शाफ्टवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने घालवून बोट फिरवून बघा. बोटाला खाच लागली तर नवीन सील लावूनही गळणारच.

१३ फेब्रुवारी

सील बसलं, गळती बंद. पण स्पिन उठेना. मोटर नुसती घूं करायची, टब कसाबसा फिरायचा आणि मिनिटभरात गरम वास. मला कंडेन्सरची, म्हणजे मोटरला सुरू व्हायला जोर देणाऱ्या कपॅसिटरची, शंका आली. ५ मायक्रोफॅरडचा नवा टाकला, फरक शून्य. मग मोटरचे वाइंडिंग (आतल्या तारांच्या गुंडाळ्या) मोजले, तेही ठीक. दोन संध्याकाळी गेल्यावर टॉर्च घेऊन खाली आडवी पडले तेव्हा दिसलं की ब्रेकचा शू ड्रमला चिकटून बसलेला आहे. स्पिनचं झाकण लावलं की एक तार ब्रेकला ओढून दूर धरते आणि झाकण उघडलं की ती सैल पडून ब्रेक लागतो. टब परत बसवताना माझ्याच हाताने ती तार हुकमधून अर्धी निसटली होती. तार नीट अडकवली, टब तीन सेकंदांत वेगात. कंडेन्सर विकत आणण्याआधी टब हाताने फिरवून बघायला हवा होता. मोकळा फिरला नाही तर दोष विजेचा नाही.

झालंच आहे तर वॉशच्या मोटरचं मापही इथे लिहून ठेवते. तिच्या तीन वायरींपैकी कॉमन (दोन्ही वाइंडिंगना सामायिक) वायरीपासून दोन्ही बाजूंचा रेझिस्टन्स सारखाच येतो, कारण तिचे दोन वाइंडिंग जुळे असतात. टायमर कंडेन्सरला एकदा एका वाइंडिंगवर आणि एकदा दुसऱ्यावर टाकतो, म्हणून पल्सेटर, म्हणजे धुण्याच्या टबातली पाणी घुसळणारी चकती, उलटसुलट फिरतो. स्पिनची मोटर एकाच दिशेने फिरते, तिच्यात दोन आकडे वेगळे आले तर घाबरू नका.

२ मार्च

दोन-तीन घरी जाऊन आले. जुनी मशीनं कुठे आणि कशी चालतात ते मला प्रत्यक्ष बघायचं होतं.

सातपूरच्या कामगार वसाहतीत एका घरी ट्विन-टब आहे ते फक्त कंपनीच्या कपड्यांसाठी. डांगऱ्यांना (कामावर घालायच्या जाड कपड्यांना) यंत्रांचं तेल-कुलंट लागलेलं असतं. त्या वहिनी डांगऱ्या आधी पावडरच्या गरम पाण्यात तासभर भिजवतात, मग पंधरा मिनिटांचं टायमर पूर्ण दोनदा देतात. पाणी किती गरम घ्यायचं, कधी थांबायचं, पुन्हा कधी फिरवायचं हे त्या ठरवतात. जुन्या नाशकातल्या एका वाड्यात काकू अजून बंब पेटवतात आणि त्याचंच पाणी बादलीने मशीनमध्ये ओततात. प्लास्टिकच्या टबात कोपर बुडवून बघतात. कोपराला सोसलं तर टबालाही सोसतं, हा त्यांचा हिशेब.

पाण्याचं माप मी आमच्या घरी घेतलं, २० लिटरच्या बादलीने. वॉश टब दोन बादल्यांत भरतो. त्याच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग फिकट, मग जीन्स आणि शेवटी पायपुसणी. खळबळायला आणखी चार बादल्या. म्हणजे तीन-चार घाण्यांना मिळून १२० लिटर, आणि शेवटचं गढूळ पाणी आई मोरी आणि मागचं अंगण धुवायला घेते. नळ सकाळी ठरावीक वेळच असतो, तेव्हा हा हिशेब प्रत्येक घराला तोंडपाठ असतो.

आणि सुकण्याचं म्हणाल तर, चार पोलची मोटर आपल्या ५० हर्ट्झवर मिनिटाला १५०० च्या जरा खाली फिरते आणि स्पिनचा टब थेट तिच्याच शाफ्टवर असतो, मध्ये पट्टा नाही. बरीच टॉप-लोड ऑटोमॅटिक मशीनं ७००-८०० वरच थांबतात. म्हणून पावसाळ्यात आमच्या गॅलरीत कपडे आधी वाळतात. याचं मला मनापासून कौतुक आहे.

२३ मार्च

आता मोठं काम. देवळाली कॅम्पमधल्या एका जुन्या बंगल्यातून रोलरचं मशीन मिळालं. चौकोनी पत्र्याचं अंग, पांढरा मुलामा, वर हाताने फिरवायचे पिळायचे रोलर. बॅज केव्हाच पडलेला, पण पाणी घुसळणारा पंखा तळाशी नसून बाजूच्या भिंतीत आहे. अशा रचनेचं छोटं मशीन हूवर १९४८ पासून वेल्समधल्या मर्थर टिडफिलच्या कारखान्यात बनवत होती, आणि जपानमध्ये सान्योने १९५३ साली बाजूच्या पंख्याचंच मशीन काढलं. अमेरिकेत मेटॅगने तर रोलरवालं मशीन थेट १९८३ पर्यंत बनवलं. म्हणजे ही जात वाटते तितकी पुराणातली नाही.

ज्यांनी दिलं त्या आजींनी ते वीसेक वर्षं चादरीखाली झाकून ठेवलं होतं. "सासूबाईंचं आहे, जपून ने," म्हणाल्या. त्यांनी खरंच जपलं होतं, मुलाम्यावर एक ओरखडा नाही. पण रबर सगळं मेलेलं. पंख्याचं ऑइल सील बिस्किटासारखं तुटलं, पाइप काचेसारखा. सगळ्यांत वाईट हाल रोलरचे. वरचा दाबाचा स्क्रू घट्ट आवळलेला तसाच राहिला होता. वीस वर्षं दोन रोलर एकाच रेषेवर एकमेकांना दाबून बसले आणि दोघांनाही लांबीभर सपाट पट्टा पडला. हँडल फिरवलं की टक्-टक् असा धक्का. आईचं मशीन त्याहून जास्त राबलंय, त्याच्या पाइपचं रबर मात्र अजून मऊ आहे, कारण त्याला एक दिवसाआड पाणी लागतं.

२ एप्रिल

वीज आधी. मूळ केबलवरचं रबर हात लावताच गळून पडलं, तिला दोनच तारा होत्या. नवीन तीन-कोर केबल, अंगाला अर्थिंगचा बोल्ट. मोटर चार दिवस उन्हात ठेवून मग ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) घेतली. उन्हात ठेवण्याआधी अर्धा मेगओहम येत होता, नंतर २० च्या वर. पत्र्याचं मशीन, ओले हात आणि ओली फरशी, त्यामुळे ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय (वीज गळली की सप्लाय तोडणाऱ्या स्विचशिवाय) हे मशीन मी चालवणार नाही आणि कोणाला चालवू देणार नाही.

१९ मे

रोलरसाठी सातपूर एमआयडीसीत छापखान्याच्या रोलरवर रबर चढवून देणारं एक छोटं वर्कशॉप गाठलं. एवढ्या लहान कामाला आधी नाही म्हणाले, मग रोलर हातात घेतल्यावर मालकांचं मन वळलं. रबराचा कडकपणा शोअर-ए मापात सांगतात. आम्ही ४५ ठरवला. त्याहून कडक घेतलं तर बटणं फुटतात, फार मऊ घेतलं तर पाणी पिळलं जात नाही. नायट्राइल जातीचं रबर तेलाला चांगलं, पण गरम पाणी आणि साबण यांना ईपीडीएम जातीचं जास्त टिकतं, म्हणून ते. लाकडी बुशही नवे करून घेतले, सागाचे, तेलात मुरवून.

७ जून

पहिली धुलाई. दोन टॉवेल, एक सदरा, आईची एक सुती साडी. पंखा बाजूला असल्याने पाणी गोल न फिरता उकळल्यासारखं उलटं पडतं, आणि चार मिनिटांत टॉवेल स्वच्छ. या मशीनला त्याहून जास्त वेळ देऊ नका, सुताचे पिळे होतात.

रोलरमध्ये घालताना सदऱ्याची बटणं आतल्या बाजूला दुमडली, कॉलर आधी दिली. साडी आईने स्वतः दिली, निरीसारख्या चार घड्या घालून. मी हँडल फिरवत होते. पाणी मागे टबात पडत होतं आणि पलीकडून साडी सपाट, जवळजवळ इस्त्रीच्या घडीत उतरत होती. तिने पदर हातावर घेतला, दाबून पाहिला आणि म्हणाली, "उद्या चादरी काढते."

डावीकडचा बुश थोडा करकरतो, त्याला पुन्हा तेल दिलं. दाबाचा स्क्रू पूर्ण सैल केला, दोन रोलरमध्ये बोट जाईल एवढी फट ठेवली, आणि वर चादर झाकली नाही.