बद्द

माठ घेताना टिचकी मारून बघायची हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. कुंभारवेशीला एखादी बाई माठ वाजवते, नाक मुरडते आणि दुसरा उचलते. लहानपणी एवढं पाहिलेलं जन्मभर पुरतं. पुढे कलिंगड, नारळ, भिंतीवरची टाइल, सगळं आपण वाजवूनच घेतो. म्हणून एप्रिलच्या दुपारी पार्किंगमध्ये जुन्या कॅटमरानवर, म्हणजे दोन पोटांच्या शिडाच्या होडीवर, रुपयाचं नाणं आपटत बसलेला माणूस दिसला तर त्याला वेडा समजू नये. तो माठच बघतोय. ठण् आलं की पुढे सरकायचं, बद्द आलं की तिथे पेन्सिलने गोल काढायचा.

पार्किंगचा विषय निघालाच आहे तर सांगतो. होबी १६ ही जगभर सर्वांत जास्त दिसणाऱ्या कॅटमरानांपैकी एक. लांबी ५.०४ मीटर, रुंदी २.४१. सोसायटीतली मोटारीची जागा साधारण ५ बाय २.५. म्हणजे होडीची नाळ, पुढचं टोक, रेषेबाहेर जाते ती फक्त ४ सेंटिमीटर. ही ४ सेंटिमीटर सेक्रेटरींना कशी दिसतात ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको. ८ मीटरची डोलकाठी भिंतीकडेला आडवी ठेवायची आणि तिच्यावर कुणीतरी फडकी वाळत घालणार हे धरून चालायचं.

कॅटमरान हा शब्द तमिळ. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. गंमत अशी की मूळचं कट्टुमरम दोन पोटांचं नाहीच, ते ओंडके बांधून केलेला तराफा. आपल्याकडे कोकणात होडीच्या बाजूला तरंगतं लाकूड, उलांडी, बांधतात ती या दोन पोटांच्या कल्पनेला जास्त जवळची. न्यूयॉर्कला १८७६ साली हेरेशॉफ नावाच्या माणसाने अशी दोन हलांची, म्हणजे पोटांची, होडी शर्यतीत उतरवली आणि ती इतकी पुढे गेली की बाकीच्यांनी तक्रार करून तिला बाद करवलं. हरलेल्यांचा हा उपाय सगळीकडे सारखाच.

पण आपली खरी कॅटमरान कागदाची. चौकोनी कागदाचं भिरभिरं होता होता मध्येच थांबायचं, अर्धी घडी मागे वळवायची, झाली जोडहोडी. वाड्याच्या चौकात पागोळ्यांचं पाणी मोरीकडे धावायचं, त्यात साध्या होड्या पटापट कलंडायच्या. जोडहोडी मात्र कलंडायची नाही. ती मऊ पडायची. मधली घडी भिजली की दोन्ही पोटं एकमेकांकडे झुकायची आणि सगळा लगदा मोरीच्या जाळीला चिकटायचा. महिना संपलेल्या कॅलेंडरचं गुळगुळीत पान घेतलं तर थोडी जास्त टिकायची. वहीचं पान अगदीच बिनभरवशाचं.

फायबरच्या होडीलाही हाच रोग होतो. हलची भिंत म्हणजे फायबरचे दोन पातळ पापुद्रे आणि मध्ये फोम. वर्षानुवर्षं लाटा खाऊन, पाणी मुरून पापुद्रा फोमपासून सुटतो. हा गुण खारी बिस्किटाला शोभतो, होडीला नाही. सुटतो तो बहुधा दोन हलांना जोडणाऱ्या पुढच्या आडव्या दांड्याच्या पुढे, डेकवर आणि बाजूंना. अंगठ्याने दाबलं तर भिंत आत जाते, आणि नाणं तिथेच बद्द वाजतं. उपाय सोपा, पण घाईच्या माणसाचा नव्हे. गोलाच्या आत दर अडीच सेंटिमीटरवर ३ मिलिमीटरची भोकं पाडायची, तीही फक्त वरच्या पापुद्र्याला. ड्रिलच्या बिटाला टेप गुंडाळून खोली ठरवून घ्यावी, नाहीतर आरपार जातं. मग आठवडाभर काही करायचं नाही. आतला ओलावा उडू द्यायचा. पुण्याचा कोरडा उन्हाळा शेवटी इथे कामाला येतो. या भोकांतून भरायचं ते इपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळला की घट्ट होणारं रेझिन, ओल्या फोमवर धरत नाही, आणि पावसाळ्यात हे काम काढणाऱ्याला ते पुढच्या वर्षी पुन्हा करावं लागतं.

इपॉक्सी पातळ घ्यायचं आणि बिनसुईच्या सिरिंजने भरायचं. एका भोकातून घातलं की शेजारच्या भोकातून डोकावतं, तेव्हा पहिल्यावर टेप लावून पुढे जायचं. वर प्लास्टिकचा कागद, त्यावर वाळूच्या पिशव्या, आणि एक दिवस हात लावायचा नाही. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घालणं. पॉलिएस्टर रेझिनला हार्डनर कमीजास्त करून चालतं. इपॉक्सीचं तसं नाही, त्याचं प्रमाण चुकलं की ते जन्मभर चिकट राहतं. वजनकाट्यावरच मोजावं. दुसरी चूक म्हणजे एकदम अर्धा किलो कालवणं. चाळीस अंशांच्या दुपारी तो डबा हातात तापतो, धुरावतो आणि दहा मिनिटांत दगड होतो. पन्नास-शंभर ग्रॅमचाच घाणा घ्यावा, तोही पसरट ताटलीत.

मग गळती. हलमधलं पाणी काढायच्या, ड्रेनच्या भोकाला नळी लावून तोंडाने हवा फुंकायची आणि जोडांवर साबणाचं पाणी फिरवायचं. बुडबुडा आला की तिथे फट. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावायचा मोह होतो, तो आवरावा. हल म्हणजे ट्यूब नाही, शिवण उसवते. आणि हलमध्ये एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, उन्हात तापलेली आतली हवा बाहेर पडावी म्हणून. जुन्या होडीत ते कुणीतरी हमखास एमसीलने बुजवलेलं सापडतं. आपल्याकडे भोक दिसलं आणि एमसील लावलं नाही, असं सहसा होत नाही.

आता वेगाचं. लोक आधी नवीन शिडाच्या किमती विचारतात. शिडाआधी चौकट, म्हणजे दोन हलांना जोडणारे दांडे, बघावी. चारही कोपऱ्यांचे सांधे ढिले असले तर एक हल वर जातो, दुसरा खाली राहतो आणि वाऱ्याचा जोर होडी पिळण्यात संपतो. कर्ण मोजावेत. दोन्हींत ३ मिलिमीटरच्या वर फरक असेल तर सांधे उघडून इपॉक्सीत बसवावेत. वर ट्रॅम्पोलिन, म्हणजे मधलं बसायचं कापड, इतकं ताणावं की टाकलेला रुपया उडाला पाहिजे. (तोच रुपया. तो खर्च करू नये.) डोलकाठीच्या तारा कापसाच्या बोळ्याने पुसून बघाव्यात. कापूस अडकला तर तारेची एक काडी तुटलेली आहे, सगळ्या तारा बदला. नाना पेठेतली क्लचची केबल स्वस्त पडते हे खरं, पण ती ताणली की लांबते.

डोलकाठी थोडी मागे झुकवलेली बरी, पण शीड पूर्ण ओढल्यावर त्याच्या दोरीच्या वरचा आणि खालचा ब्लॉक, म्हणजे कप्प्या, जेमतेम भिडावेत, तेवढीच. त्याआधीच ते एकमेकांना टेकले तर शीड आणखी ओढायला जागाच उरत नाही. सुकाण्याची पाती पुढच्या कडेला मागच्यापेक्षा २-३ मिलिमीटर जवळ असावीत. आणि सुकाणू धरून हात भरून येत असेल तर ताकद वाढवायच्या भानगडीत न पडता पात्याचं खालचं टोक पुढे घ्यावं. ते मागे रेंगाळलं की पाणी त्याला ढकलत राहतं आणि होडी सारखी वाऱ्याकडे तोंड करते. बहुतेक वेळा पात्याला खाली धरणारा खटका अर्धवट बसलेला असतो, एवढंच. दर वेळी टक् आवाज ऐकूनच निघावं.

खडकवासल्याला वारा डोंगरांतून वळून येतो, एका दमात जोरात आणि पुढच्या दमात नाहीच. त्यामुळे जोर वाढला की होडीतल्या दोघांनी मागे सरकावं, नाहीतर नाळ पाण्यात घुसते आणि होडी कोलांटी घेते. होबीची ती खोडच आहे. डोलकाठी उभी करण्याआधी मात्र वर बघावं. अ‍ॅल्युमिनियम आहे ते, आणि काठावर विजेच्या तारा असतात. हे विनोदाने सांगायचं नाही.

सगळं झाल्यावर रुपया पुन्हा फिरवावा. ठण्, ठण्, ठण्. मागच्या टोकाशी, उजव्या हलवर, एक बद्द उरतोच. हाताएवढा. तिथे जोर फारसा येत नाही आणि पुन्हा चाळीस भोकं पाडायची, भरायची, घासायची, रंगवायची. पेन्सिलने गोल काढून ठेवावा, शेजारी साल लिहावं.

पुढच्या एप्रिलमध्ये बघू.