थंडी, धुकं आणि आमची शाळा

आमच्या वाईकडं सध्या सकाळी एवढं धुकं असतंय की गेटवरून वर्गच दिसत नाहीत, रात्री डोंगरावरची गार हवा खाली उतरून कृष्णेच्या खोऱ्यात साचते ना. म्हणून परिपाठ उन्हात घ्यायला लावलाय, पोरं खूश. खरी काळजी ऊसतोडवाल्यांच्या पोरांची, बीडकडून आईबापाबरोबर येतात, कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहतात आणि अंगात नुसता पातळ शर्ट, त्यांना वर्गात बसवायचंच आणि स्वेटरपण गावातून गोळा करायचे असं स्टाफला सांगितलंय, हेडमास्तर म्हणून मला हे काम रिपोर्ट भरण्यापेक्षा मोठं वाटतं. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, त्यांचं नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं, त्या दिवशीचं भाषण यातल्याच एका मुलीकडून बसवून घेतोय.