हवालदार साहेबांचा डेमो

सातारा जिल्ह्यात फौजी म्हणजे काही नवल नाही, पण रिटायर झाला की सिक्युरिटी नाहीतर बँकेच्या दारात बंदूक, हेच बघत आलेय. मी कॉलेजात भूगोलाची एचओडी, म्हणजे विभागप्रमुख. सीएचबीच्या (तासावर पैसे मिळणाऱ्या प्राध्यापकाच्या) जागेसाठी मुलाखती होत्या आणि त्यात एक अर्ज बॉम्बे सॅपर्समधून (सैन्याच्या इंजिनिअर दलातून) हवालदार म्हणून रिटायर झालेल्यांचा. नोकरीत असतानाच मुक्त विद्यापीठातून बीए, मग एमए, मग सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा). शिपाईमामांनी त्यांना बघितल्याबरोबर "या मेजर" म्हणून खुर्ची दिली (आपल्याकडे रँक काहीही असो, गावात सगळे मेजरच).

कमिटीतल्या एका सरांनी फाईल चाळत विचारलं, हे बीए म्हणजे फौजवाल्यांना १५ वर्षांनी देतात ते सर्टिफिकेट का? ते शांतपणे म्हणाले, "ते वेगळं सर, ते ग्रुप सी नोकरीपुरतंच चालतं. हे पेपर देऊन काढलंय."

डेमोला, म्हणजे नमुन्याच्या तासाला, मी इंटरव्हिजिबिलिटी दिली होती, नकाशावरची दोन ठिकाणं एकमेकांना दिसतात का ते काढायचं. हा टॉपिक पोरं घोकतात आणि विसरतात. आधीचे सगळे पीपीटी घेऊन आलेले. यांनी कपाटातली आमच्याच भागाची टोपोशीट (डोंगर-उतार दाखवणारा नकाशा) मागितली, १:५०,००० ची, टेबलावर पसरली आणि एसवायच्या पोरांना भोवती उभं केलं. एकीला विचारलं, गाव कुठलं गं? शोध. मोबाईलचा टॉवर कुठल्या डोंगरावर? दाखव. दोन्हीमध्ये पेन्सिलीने रेघ मारली, कागदाची पट्टी लावून जिथं जिथं समोच्च रेषा (सारख्या उंचीची रेषा) कापली तिथं खूण, एकेका रेषेला २० मीटर धरून उंच्या लिहिल्या आणि आलेखावर छेद तिच्याकडूनच काढून घेतला. मधे डोंगराची एक सोंड आडवी आलेली. टॉवरवरून सोंडेच्या माथ्याला टेकवून पट्टी पुढं नेली तर गाव पार पट्टीच्या खाली. "याला आम्ही डेड ग्राउंड म्हणायचो, इथं दुश्मन बसला तर वरच्याला दिसत नाय."

पोरगी म्हणाली, "अय्या, म्हणून आमच्याकडं रेंज येत नाय होय!" मग काय, प्रत्येकाला आपापलं गाव काढायचं होतं, पुढचा उमेदवार बाहेर ताटकळत बसलेला.

आता गंमत ऐका. गुण द्यायचा तक्ता यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतला, त्यात शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला २, जास्तीत जास्त १०. हे खडकीला सॅपर्सच्या सेंटरला रिक्रूट पोरांना मॅप रीडिंग शिकवायचे, पण ते कॉलेज नाही ना, म्हणून त्या रकान्यात शून्य. मी वाद घातला, उपयोग झाला नाही. मग एकजण म्हणाले प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस (आपल्या क्षेत्रातला मुरलेला माणूस शिकवायला घेतात ते पद) म्हणून घ्या की, त्याला डिग्रीची अट नाही, सैन्यदलंही त्यात येतात. अहो पण २०२२ च्या त्या गाईडलाईन्समध्ये १५ वर्षांचा अनुभव आणि तोही शक्यतो वरच्या पदावरचा लिहिलाय, म्हणजे कर्नल-ब्रिगेडियर साहेबांची सोय, हवालदाराला कोण बोलावतंय. शिवाय सगळं मिळून ४ वर्षांच्या वर नाही.

डेमोच्या मार्कांवर शेवटी तेच लागले. आता पीएचडीच्या प्रवेशाचं काम आहे म्हणून परवा सुट्टी मागायला आले, अर्ज अगदी साच्यातला, खाली सही करून तारीख. दिली सुट्टी. सीएचबीवाल्याला कसली आलीय सुट्टी म्हणा, तास बुडला की त्या तासाचे पैसे बुडले.